लांबलेलं प्रभुभोजन

शुक्रवार, २२ सप्टेंबर १९६१

सुटलो एकदाचा.

बसमधून उतरलो तर चौकात बाबा पिकअप घेऊन उभे. ट्रंक मागे टाकली, पुढे बसलो. आमच्या मंडळीच्या प्रार्थनेच्या सभाघराचं वळण आलं. मग म्हणाले, "कायमचा?" मी म्हणालो, "कायमचा." ते म्हणाले, "मका यंदा लवकर वाळलाय." झाली झाडाझडती! व्हर्जिनियापासून वाटभर एक भाषण घोकत आलो होतो. ज्ञान म्हणजे काय, कॉलेज मधेच सोडणं हा भित्रेपणा कसा नाही, वगैरे. सगळं वाया गेलं.

आईनं मात्र ताट वाढता वाढता तपास केला.

"नापास झालास?"

"नाही."

"कुणाशी भांडलास?"

"नाही गं."

"मग झालं काय?"

"मन लागत नव्हतं."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग खिडकीतून ओढ्यापलीकडे होर्स्टांच्या शेताकडे बघितलं, आणि म्हणाली, "हं. सूप घे. गार होतंय."

आईला काही कळलं नाही हे बरं झालं.

इथे मात्र खरं लिहितो. वर्ना होर्स्ट. उन्हाळ्यात आम्ही त्यांचं गवत भरायला गेलो होतो, तेव्हा तिनं पुदिन्याच्या गार चहाचा पेला माझ्या हातात देताना म्हटलं, "व्हर्जिनिया फार लांब आहे, नाही?" मी म्हणालो, "दोनशे मैल." गाढव! त्यानंतर कुठलंही पुस्तक उघडलं की दर पानावर ते एकच वाक्य. खोलीतला सोबती म्हणायचा, "अरे, अख्ख्या व्हर्जिनियात मुली नाहीत का?" असतील. मला काय त्याचं?

आता इथेच राहणार. माझ्या लोकांत. छाती कशी मोकळी झालीय.

रविवार, २४ सप्टेंबर

सभाघरात सगळ्यांनी हात हातात घेऊन "आलास? बरं झालं" म्हटलं. का आलास, हे कुणीही विचारलं नाही. आमच्या मंडळीत एवढा समजूतदारपणा आहे, किंवा सगळ्यांनी ते एकमेकांना आधीच विचारून झालंय.

पुरुष डावीकडे, बाया उजवीकडे. माझ्या जागेवरून वर्नाची पांढरी टोपी आणि मानेचा एवढासा भाग दिसतो. पूर्ण उपदेशभर पाहिला. उपदेश कशावर होता ते आईनं घरी विचारलं तेव्हा मी "पापावर" म्हणालो. बरोबर निघालं.

गाणी लावायला नेहमीप्रमाणे तिचे वडील, बंधू एनॉस होर्स्ट. उंच, वाळका माणूस. हसला तर कोटाच्या शिवणी उसवतील असा चेहरा. आमच्याकडे पेटी नाही, पियानो नाही. हा माणूस उभा राहून पहिला सूर देतो आणि सगळी मंडळी त्यावर आपापला सूर धरते. मी लहान होतो तेव्हापासून हेच बघतोय. आज मधेच त्यांना खोकला आला.

बाहेर पडल्यावर ते थेट माझ्याकडे आले. "कॉलेजात गायचास म्हणे."

"हो."

"पुढच्या रविवारी पहिलं गीत तू लाव."

"मी?"

"का? घसा तिकडेच ठेवून आलास?"

चार माणसं हसली. माझा पारा चढला आणि मी "लावतो" म्हणालो. आता विचार करतोय, या माणसानं मलाच का निवडलं असेल? इतकी वर्षं दुसऱ्या कुणाला ती जागा दिली नाही. मला तोंडघशी पाडायचा डाव दिसतोय. मुलीकडे बघतो हे त्यानं ताडलं असणार.

रविवार, १ ऑक्टोबर

लिहू नये असं वाटतंय. पण लिहितो.

उभा राहिलो. आठवडाभर गोठ्यात गाईंसमोर सराव केला होता. गाईंची काही तक्रार नव्हती. समोर बघितलं तर वर्ना थेट माझ्याकडे बघत होती. काळीज गळ्याशी आलं आणि तिथूनच सूर निघाला.

फार वर लागला. पहिल्याच ओळीत कळलं. पण आमच्या मंडळीची रीत अशी की सूर देणाऱ्यानं जो दिला तो घ्यायचा. मधे थांबवणं म्हणजे त्याचा अपमान. म्हणून बिचारे सगळे माझ्यामागे चढत गेले. पहिलं कडवं कसंबसं झालं. दुसऱ्यात जाडा सूर धरणारे बापे मांजरासारखे ओरडायला लागले. माझ्या बाबांनी तोंड हलतं ठेवून आवाज बंद केला. मंडळीतल्या सर्वांत वयस्क बार्बराआजींना ठसका लागला. तिसऱ्या कडव्यात जी वरची जागा आहे तिथे एकेक बाक गळत गेला आणि शेवटी अख्ख्या सभाघरात दोनच आवाज उरले, माझा आणि वर्नाचा. ती मान ताठ करून, गळ्याच्या शिरा फुगवून गात होती. लालबुंद झालेली. सगळे थांबले तरी ही थांबेना! मला चिडवायला. दुसरं काय असणार?

आणि मग पुढच्या बाकावरून बंधू एनॉस उठले. मागे वळून बघितलंही नाही. खालच्या पट्टीत तेच कडवं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि सगळी मंडळी सुटल्यासारखी त्यांच्यामागे गेली. मी उभाच. बसू की उभा राहू तेही कळेना.

उपासना संपल्यावर अंगणात मी त्यांना गाठलं. त्यांनी हात पुढे केला होता. मी तो घेतला नाही. म्हणालो, "तुम्हाला वर जाता येत नाही म्हणून सगळ्यांना खाली ओढलंत. आयुष्यभर तेच करत आलायत."

आपल्या लोकांत कुणी उलटून बोलत नाही, ही आणखी एक पंचाईत. एखाद्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एनॉसनी हात खाली घेतला, एवढंच. मी पिकअपमध्ये बसलो आणि जोरात निघून आलो.

आईबाबा सभाघरापाशीच राहिले हे निम्म्या वाटेत लक्षात आलं. त्यांना होर्स्टांनीच घरी आणून सोडलं.

सोमवार, २ ऑक्टोबर

दिवसभर मका. बाबा चार शब्द बोलले, त्यातले तीन घोड्याशी.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

आज आमच्याकडे सफरचंदांचा गर आटवायचा दिवस. अंगणात तांब्याची मोठी कढई चढली. शेजारच्या बाया सकाळपासून सालं काढत बसल्या होत्या आणि त्यांत वर्नाही होती. मी गोठ्यामागून जाणार होतो, तेवढ्यात आईनं हाक मारली.

"नेविन, पळी धर. माझे खांदे भरून आले. वर्ना, तू दुसऱ्या बाजूनं धर गं."

पळीचा दांडा चांगला माणसाहून लांब असतो आणि दोघांनी धरायचा असतो. दोनदा कडेनं, एकदा मधून. थांबायचं नाही. दोघं ढवळायला लागलो.

मग ती म्हणाली, "बाबांना जे बोललास ते परत घेणार आहेस का?" तिचा आवाज घोगरा होता, पार बसलेला.

"तू आधी सांग. सगळे थांबले तरी तू का गात राहिलीस?"

"गीत संपलं नव्हतं."

"सगळे थांबले होते, वर्ना."

"सगळे थांबले म्हणून गीत संपतं का?" आणि मग म्हणाली, "घसा बघ माझा. पाच दिवस झाले, गाईला हाक मारली तर गाय ओळखत नाही."

मी म्हणालो, "मग तुला गा म्हणून सांगितलं होतं कुणी?"

तिनं दांडा सोडला. माझ्याकडे असं बघितलं की, लिहिता येत नाही. "कुणीच नाही," म्हणाली आणि सालं काढणाऱ्या बायांत जाऊन बसली. मी तिच्या पाठीकडे बघत उभा राहिलो. पळीही उभीच राहिली.

करपलं! आईनं धूर बघून आरोळी ठोकली. "अरे, ढवळायला उभा केलाय ना तुला? की पुतळा म्हणून?" वरचं वरचं काढून बरण्या भरल्या, पण सगळ्याला करपट वास लागलाय. आता हिवाळाभर आम्ही आणि शेजारची सगळी घरं पावाला तेच लावून खाणार आणि दर घासाला माझी आठवण काढणार.

भांडण होर्स्टांशी की वर्नाशी, तेच मला हल्ली कळेनासं झालंय.

रविवार, ८ ऑक्टोबर

आज विचारणी होती. प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी एक भाकर वाटून घ्यायची ते प्रभुभोजन वर्षातून दोनदा, वसंतात आणि पानगळीत, आणि दर वेळी आधीच्या रविवारी विचारणी. बाजूच्या छोट्या खोलीत बिशप लँडिस आणि त्यांचे मदतनीस डीकन बसतात. बाकानुसार एकेकानं आत जायचं आणि म्हणायचं, "देवाशी आणि माणसांशी माझी शांती आहे. प्रभूच्या मेजाशी येण्याची इच्छा आहे." एकाचीही शांती नसली तर मेज मांडत नाहीत. कुणासाठीच नाही. एक भाकर, एक शरीर, असं बिशप म्हणतात.

मी सरळ म्हणून टाकणार होतो. सगळे म्हणतात. माझे बाबा कुंपणावरून शेजाऱ्याशी महिनाभर धुसफुसत होते त्या वर्षीसुद्धा विचारणीच्या आदल्या दिवशी खांब हलवून आले आणि म्हणाले.

पुढचे बाक आधी जातात. बंधू एनॉस पहिल्या काही जणांत गेले, बराच वेळ आत होते. म्हातारा माणूस, सावकाश बोलत असेल. मग बाकीचे झपाझप. माझी पाळी आली. आत गेलो. बिशपनी चष्मा काढून डोळे चोळले. मी तोंड उघडलं. "देवाशी माझी शांती आहे," इथपर्यंत आलं. पुढचं येईना. खोटं बोलून मेजाशी कसा बसू? शेवटी म्हणालो, "माणसांशी नाही. एका माणसाशी नाही."

मला वाटलं होतं खोली कोसळेल. बिशप दचकलेसुद्धा नाहीत. "कोण ते सांगू नकोस," म्हणाले. "कळलं." डीकननी खाली बघून मिशीशिवायच मिशीत हसल्यासारखं केलं. अशा वेळी हसू येतं माणसाला!

"जा त्याच्याकडे," बिशप म्हणाले. "एकटा जा. शास्त्रात काय सांगितलंय ते तुला माहीत आहे. पुन्हा विचारू तेव्हाही हेच उत्तर असेल तर मग दोघांतिघांना बरोबर घेऊन बसावं लागेल, आणि तेही नाही जमलं तर सगळ्या मंडळीसमोर. तिथवर नेऊ नकोस, बाळा."

मग बाहेर येऊन त्यांनी सांगितलं की आपल्यात अजून थोडं काम बाकी आहे, म्हणून प्रभुभोजन दोन आठवडे पुढे. कुणीही माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे सगळ्यांनी बघितलं.

खरं लिहायचं तर पहिल्या क्षणी मला मोठं वाटलं. माझ्या एका शब्दानं अख्खी मंडळी थांबली! मग बार्बराआजींना दोघींनी धरून पायऱ्या उतरवताना बघितलं आणि ते मोठेपण कुठल्या कुठे गेलं.

मंगळवार, १० ऑक्टोबर

लोक छळतायत. म्हणजे केक आणून देतायत. सकाळी डीकनची बायको काकवीचा केक घेऊन आली. दुपारी आणखी एक. कुणी विषय काढत नाही, नुसते खांद्यावर हात ठेवून जातात. आई म्हणाली, "आणखी एक महिना शांती करू नकोस. नाताळपर्यंतचं भागेल."

संध्याकाळच्या आत बार्बराआजी आल्या. नातवाला गाडी चालवायला लावून, काठी टेकत. नव्वदीच्या पुढे आहेत. बसल्या बसल्या सुरुवात केली.

"तो तूच ना रे, उंच सूरवाला?"

"हो, आजी."

"माझ्या वयात प्रभुभोजन पुढे ढकलत नसतात, पोरा. दोन आठवडे म्हणजे मला फार झाले."

मग पुढे सांगितलं. "माझ्या आजाच्या वेळी पाच वर्षं प्रभुभोजन झालं नव्हतं. दोन भावांचं भांडण. कशावरून, माहितीय? एका डुकरावरून. डुक्कर पहिल्याच हिवाळ्यात खाऊन संपलं. भांडण पुरलं पाच वर्षं."

"मग मिटलं कसं?"

"कुठे मिटलं? एक मेला." आणि काठी आपटून म्हणाल्या, "तुमच्यातलं कोण आधी मरायचंय ते ठरवा लवकर, नाहीतर बोला एकमेकांशी."

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

गेलो. एकटा गेलो.

एनॉस गोठ्यात होते, एका गाईची धार काढत. मी दारात उभा. ते म्हणाले, "ये." मी म्हणालो, "आलो." मग बादलीत धारेचा आवाज. मी म्हणालो, "ही नवी का?" ते म्हणाले, "विकत नाही घेतली. घरचीच. जिला तू लहानपणी घाबरायचास तिची नात." मी म्हणालो, "चांगली आहे." ते म्हणाले, "लाथ मारते."

मग पुन्हा आवाज. बोलायचं वाक्य जिभेवर होतं. एवढ्यात त्यांना खोकला आला, असा की बादली बाजूला ठेवावी लागली. तोंड पुसून म्हणाले, "वारा पश्चिमेकडून आहे आज." मी म्हणालो, "हो, पाऊस येईलसं दिसतंय." आणि निघालो!

बाहेर वर्ना कपडे वाळत घालत होती. "झालं बोलून?" म्हणाली. आता आवाज सुटलाय तिचा.

"झालं."

"काय बोललात?"

"गाईबद्दल."

"दोघंही सारखेच," ती स्वतःशीच म्हणाली आणि चादर इतक्या जोरात झटकली की माझ्या तोंडावर पाणी उडालं. मुद्दाम झटकली. तिला मी आवडत नाही हे आता स्पष्टच झालं.

मनात आलं, व्हर्जिनियाची बस पकडावी. तिथे निदान कुणाची शांती माझ्यावाचून अडत नव्हती. ट्रंक पलंगाखालून ओढून बघितली. पुन्हा आत सारली. गेलो तर हे लोक पुन्हा मेज मांडतील, पण मी कुठे बसणार मग?

बुधवार, १८ ऑक्टोबर

आज झालं. सगळं आठवेल तसं लिहितो.

सकाळी ओढ्याकडच्या पट्ट्यात कणसं सोलून गाडीत टाकत होतो. शेजारच्या सरीत सळसळ झाली. बघतो तर बंधू एनॉस. हातात सोलायचा हूक. न बोलता माझ्या बरोबरीनं सरीत शिरले. एक कणीस त्यांचं गाडीच्या फळीवर आपटायचं, एक माझं. ती सरी संपेपर्यंत असंच. म्हातारा चपळ आहे, दोनदा मला मागे टाकलं.

सरीच्या टोकाला थांबले. धाप लागली होती. म्हणाले, "गोठ्यात बोलायला जमलं नाही."

"मलाही नाही."

"मी तुझ्याकडे आधीच यायला हवं होतं. बिशपनी सांगितलं होतं."

"तुम्हाला? तुम्हाला कशाला सांगितलं?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "मी नाही म्हणालो ना. विचारणीत. माझी शांती नाही, म्हणालो. तुझ्या आधी."

माझ्या हातातलं कणीस खाली पडलं.

"सूर देणाऱ्याला मधे थांबवायचं नसतं," ते म्हणाले. "माझ्या बापानं शिकवलं होतं मला ते. पोराला चुकू दे, खाली पडू दे, पण मधे हात घालायचा नाही. मी घातला. सबंध मंडळीसमोर. उठतानाच कळत होतं की चुकतंय."

"मग उठलात कशाला?"

"वर्नासाठी. तिच्या घशातून रक्त आलं असतं. सगळे थांबले, पण ती काही थांबणार नव्हती. तू जिथवर गेला असतास तिथवर ती आली असती." त्यांनी हूक सदऱ्याला पुसला. "लहानपणापासून तशीच आहे. एकदा धरलं की सोडत नाही."

म्हणजे माझ्यावर राग म्हणून नाही, डाव म्हणून नाही, नुसतं पोरीच्या घशासाठी! मला इतकं हलकं वाटलं की हसायलाच आलं.

मी म्हणालो, "मी अंगणात जे बोललो, खाली ओढण्याचं, ते खोटं होतं. माझं डोकं फिरलं होतं. मला क्षमा करा."

"केली. पण सगळं खोटं नव्हतं." ते मक्याच्या पानांकडे बघत म्हणाले. "दोन वर्षं मी सगळी गीतं खालीच लावतोय. वर लागतच नाही आता. सगळ्यांना कळतं, कुणी बोलत नाही. भल्या लोकांची ही खोड. म्हणून म्हटलं, तू घे. एकदा वर लागला म्हणून काय झालं? वर लागलेला खाली आणता येतो. लागायलाच तयार नसला तर काय करणार?"

त्यांनी हात पुढे केला. मी दोन्ही हातांनी धरला. मग एकदम सुचलं म्हणून विचारलं, "म्हणजे प्रभुभोजन माझ्यामुळे नाही थांबलं?"

"माझ्यामुळे थांबलं. तुझं आपलं भरीला भर."

केवढा मोठा दगड उतरला म्हणून सांगू! (जराशी निराशाही झाली, खरं सांगायचं तर. इतके दिवस मी स्वतःला फारच मोठं संकट समजत होतो.)

मग आम्ही आणखी दोन सरी केल्या. वारा कुठून आहे हे कुणीच बोललं नाही.

रविवार, २२ ऑक्टोबर

पुन्हा विचारणी. आत गेलो आणि सबंध वाक्य एका दमात म्हटलं. बिशप म्हणाले, "हळू रे बाबा. बाहेर बायांच्या बाजूला ऐकू गेलं असेल."

जाऊ दे की.

रविवार, २९ ऑक्टोबर

प्रभुभोजन झालं. बार्बराआजी पहिल्या बाकावर होत्या, भाकर घेताना बिशपना म्हणाल्या, "मोठा तुकडा द्या, दोन आठवड्यांची थकबाकी आहे." बिशपनी दिला.

मला वाटलं होतं की भाकर हातात आली की रडू येईल. आलं नाही. नुसतं शांत वाटलं, दिवसभर काम करून आल्यावर ओसरीवर टेकावं तसं.

मग पाय धुणं, प्रभूनं शिष्यांचे धुतले तसं. बापे एका खोलीत, बाया पलीकडच्या. टबात कोमट पाणी, टॉवेल, आणि शेजारी बसलेल्या दोघांनी एकमेकांचे पाय धुवायचे. बंधू एनॉस मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसले. त्याबरोबर खोलीतले सगळे एकदम आपापल्या बुटांच्या नाड्यांत फार गुंतले. डीकन तर भिंतीकडे तोंड करून बसले. मला वाटलं, आम्हाला दोघांना एकांत मिळावा म्हणून. केवढे थोर मनाचे लोक!

"यापूर्वी माझे पाय नोहा धुवायचा," एनॉस पुटपुटले. "तो वसंतात गेला. त्याला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"काही नाही. लवकर आटप."

लवकर कशाला? इतकं सगळं घडल्यावर मी नीटच धुणार होतो. गुडघ्यावर बसलो, त्यांची टाच हातात घेतली, तळव्यावर पाणी घातलं आणि मनोभावे, अगदी सावकाश, हात फिरवला.

त्यांनी बाक घट्ट धरला. ओठ मिटले. मान लाल झाली. मला वाटलं, गहिवरले. म्हणून आणखी सावकाश फिरवला.

आणि तो माणूस फुटला! हंस ओरडावा तसा आवाज, मग दुसरा, मग पाय टबात आपटला, पाणी माझ्या तोंडावर, कोटावर, डीकनच्या पाठीवर. डीकनना नेमकं तेच हवं असल्यासारखे ते भिंतीला डोकं टेकून गदगदायला लागले. माझे बाबा, ज्यांना मी हसताना क्वचितच बघितलंय, टॉवेलात तोंड खुपसून बसले होते. पलीकडे बायांचं गाणं चालू होतं ते मधेच तुटलं आणि कुणीतरी खुदकन हसलं. तो आवाज मी कुठेही ओळखेन.

"दुसरा पाय राहू दे," एनॉस डोळे पुसत म्हणाले.

"नाही, बंधू," मी म्हणालो. "शास्त्रात दोन्ही सांगितलेत."

दुसराही धुतला. पुन्हा तेच. मग त्यांनी माझे धुतले, मला काहीच झालं नाही, आणि रीतीप्रमाणे उठून गळाभेट घेतली, गालावर चुंबन घेतलं आणि "देव तुझं कल्याण करो" म्हणाले. 'कल्याण' शब्दावर त्यांना परत उचकी लागली. कोटाच्या शिवणी शाबूत होत्या. मी बघितलं.

बाहेर अंगणात वर्ना ओल्या टॉवेलांची टोपली घेऊन आली. नेमकी माझ्यापाशी थांबली.

"बाबांना गुदगुल्या होतात हे तुला कुणी सांगितलं नाही?"

"नाही."

"आमच्या घरात सगळ्यांनाच होतात," ती म्हणाली. टोपली उगाच या हातातून त्या हातात घेतली. "आणि आज जेवायला तू आमच्याकडे आहेस. बाबांनी नाही बोलावलेलं. मी सांगतेय." आणि गेली.

घरी येईपर्यंत मी याच कोड्यात होतो. जेवणाचं समजलं. पण घरातल्या सगळ्यांना होतात, हे मला कशाला सांगितलं असेल? शेवटी न राहवून आईला विचारलं. आई इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं. बाबांना हाक मारून तिनं माझं वाक्य मला परत म्हणायला लावलं. मग डोळे पुसत म्हणाली, "जा रे बाळा, जा जेवायला. कोट बदल, तो ओला आहे. आणि मोजे धुतलेले घाल."

घातलेत.